राखणदाराची माती

उंबरवण्याच्या सड्यावरचा, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावरचा, वारा साधासुधा नव्हे. तिथे कुणाला उचकी लागली, तर खाली मिरकरवाडा बंदरात बोटीवर बसलेला तांडेल पाणी पितो. विश्वास नसेल त्याने तिथे जाऊन उचकी काढून बघावी. पौषातल्या एका सकाळी त्या वाऱ्याने तेजस्वीच्या हातातला मोजमापाचा टेप हिसकावला आणि पार घळीत नेऊन टाकला. म्हणून शिकल्यासवरलेल्या मुलीने जे करू नये, तेच ती करत होती. कातळावर कोरलेल्या माणसाशेजारी, त्याच्या पायाच्या तळव्याला तळवा जुळवून, ती स्वतःच आडवी झाली होती. आपली उंची तिला पाठ होती. तिच्यावरून त्याची काढायची, असा बेत.

डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून डोळे मिटलेले. तेवढ्यात ऊन अडलं.

"बेशुद्ध आहात, की झोपलात?"

"मोजतेय," ती डोळे न उघडता म्हणाली.

"स्वतःला?"

"याला."

"मग बरं. मी म्हटलं, आमच्या सड्यावर आजवर एकटाच पडलेला होता, आज जोडपं झालं."

तेजस्वी ताडकन उठून बसली. समोर खांद्यावर दोर टाकलेला, केसांत आंब्याचा मोहोर अडकलेला एक तरुण उभा होता, आणि हसू दाबण्याचा प्रयत्न करत होता. प्रयत्न अगदीच कच्चा होता.

तो सर्वेश. सड्याला लागून असलेली हापूसची कलमं त्याची, आणि हा कातळही त्याच्याच सातबाऱ्यावरचा. दापोलीला शेतीचं शिकला, बरोबरीचे सगळे मुंबईला गेले, हा मात्र कलमांकडे परत आला. आत्ता तो हरवलेली म्हैस शोधत होता. म्हैस दुपारी आपली आपण घरी गेली. तिच्या मालकाला मात्र संध्याकाळपर्यंत सड्यावरून पाय निघाला नाही.

तेजस्वी रत्नागिरीची. सड्यांवरची कातळशिल्पं शोधून, साफ करून त्यांची चित्रं काढणाऱ्या एका गटात ती काम करत होती. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी या जांभ्या दगडावर हत्ती कोरले, वाघ कोरले, मासे कोरले, आणि का कोरले ते कुणालाच न सांगता निघून गेलं. उंबरवण्याचा हा माणूस तिच्या वाट्याचं शेवटचं शिल्प. पाय दिसत होते, कंबर दिसत होती, डोकं दिसत होतं, लांब केलेला एक हात कोपरापर्यंत दिसत होता… आणि पुढे सगळी माती. त्या हातात काय आहे, कुणाला ठाऊक नव्हतं.

चित्र पुरं झालं की तिला गटाच्या सरांना एक उत्तर द्यायचं होतं. नागपूरच्या संग्रहालयातली नोकरी धरायची, की इथेच राहून पुढचे सडे धुंडाळायचे? बोलणं दोन्हीकडे झालेलं होतं. फक्त तिने हो कुणाला म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

काम सुरू झालं. मदतीला वाडीतली सोनूबाई होती. तिचा खराटा कातळावर चालायचा, तोंड त्याहून जास्त. सर्वेश रोज काही ना काही निमित्त काढून येई. एकदा पाणी द्यायला, एकदा कोयता विसरला म्हणून, एकदा "वारा कुठल्या बाजूचा आहे ते बघायला". बरोबर घरच्या आंबोळ्या असायच्या. वारा बघायला निघालेला माणूस आंबोळ्यांचा डबा कशाला घेतो, हे सोनूबाईने विचारलं, तेव्हा तो मोहोराकडे बघायला निघून गेला.

हातात काय असेल यावर वाद रंगायचे. तेजस्वी म्हणे मासा. सर्वेश म्हणे कोयता, कारण कोकणी माणूस दुसरं काय धरणार. सोनूबाईच्या मते देवीचं काहीतरी. वाडीचे जाणते काशीअण्णा एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, बायकोचा हात असंल, दुसरं धरण्यासारखं त्या काळात काय होतं?

मग कोरणारे लोक हे का करत असतील, यावर गाडी यायची. शिकारीला यश मिळावं म्हणून, हद्द दाखवायला, देवाला, पावसाला… तेजस्वी एकेक तर्क सांगायची आणि शेवटी कबूल करायची, की खरं कारण कुणालाच माहीत नाही. सर्वेश ऐकायचा. तिच्या बोटाकडे बघतोय असं दाखवायचा, आणि बघायचा चेहऱ्याकडे. तिला ते कळायचं. वाऱ्याने कपाळावर आलेली बट मागे सारायला तिला हल्ली फारच वेळ लागायचा.

असं सगळं होतं. पण माणूस बोलेल तर शपथ. एका दुपारी तिनेच विषय काढला. कातळावरची धूळ कुंच्याने झटकत, अगदी सहज म्हटल्यासारखं.

"हे संपलं की बहुतेक नागपूर. मी गेले तर…?"

सर्वेशने बराच वेळ विचार केला. कावळा उडाला, परत येऊन बसला, तरी याचा विचार चालूच.

"सकाळची गाडी धरा," तो म्हणाला. "गर्दी कमी असते."

तेजस्वीने कुंचा असा काही चालवला, की आणखी थोडा चालवला असता तर त्या आदिमानवाचं कोपर झिजून गेलं असतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून नवल सुरू झालं. संध्याकाळी मनगटापर्यंत साफ केलेला हात सकाळी पुन्हा कोपरापर्यंतच दिसे. पुन्हा झाडावं, पुन्हा तेच. तेजस्वीला वाटलं, वारा. पण या वाऱ्याला न्यायची सवय, आणून द्यायची नव्हे. शिवाय त्या मातीला शेणखताचा वास येत होता. सोनूबाईने खराटा खाली ठेवला आणि कानाला हात लावले. सड्याच्या राखणदार देवाला हे पसंत नाही, तोच परत झाकून ठेवतो, असं तिचं ठाम मत झालं. राखणदार शेणखत कधीपासून वापरायला लागला, हे विचारायचं तेजस्वीच्या ओठांवर आलं होतं. पण चार दिवसांत वाडीभर झालं, आणि काशीअण्णांनी निकाल दिला: गाऱ्हाणं घालायला हवं.

तर रविवारी सकाळी सगळी वाडी सड्यावर. नारळ ठेवला, विडा ठेवला. काशीअण्णा हात जोडून पुढे, बाकीचे मागे गोल करून. गाऱ्हाण्याची रीत अशी, की जाणत्याने देवापुढे मागणं मांडायचं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला बांधून घ्यायचं. एकदा व्हय म्हटलं की शब्द दिला. मागे फिरता येत नाही. आणि या कामात सर्वेशसारखा आवाज पंचक्रोशीत नव्हता. शिमग्यात तो व्हय म्हणाला की पालखीच्या पुढचे ढोल मागे सरायचे.

"बा राखणदारा म्हाराजा," काशीअण्णांनी सूर लावला, "तू या सड्याचा मालक, आमच्या गुरावासरांचा राखणारा."

"व्हय म्हाराजा."

"ही पोरगी तुज्या दारात आलीय, ती काय चोरायला नाय, वळख करून घ्यायला आलीय."

"व्हय म्हाराजा." सर्वेशचा आवाज सगळ्यांच्या वर.

"तिच्या कामावर कोन माती टाकीत असंल, मानूस असो नायतर आनिक काय, आजपासून त्येचा हात थांबव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. पण ते व्हय लंगडं पडलं. काशीअण्णांच्या कानाला लगेच कळलं. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. वाडीने पुन्हा उत्तर दिलं. सर्वेश गप्प. मान खाली, कानाच्या पाळ्या कोकमासारख्या लाल.

"सर्वेशा, घसा बसला काय रे?"

"नाही अण्णा. हे मला म्हणता यायचं नाही."

"का?"

"हात थांबला तर काम संपेल. काम संपलं तर या जातील."

खुद्द वाराही जरा बाजूला जाऊन उभा राहिला. सगळ्या माना तेजस्वीकडे वळल्या. तिने आवाज कडक ठेवला.

"मला सकाळची गाडी धरायला सांगितलीत."

"सांगितली," सर्वेश म्हणाला, "आणि संध्याकाळी घमेलं उचललं."

"कलमांची माती?"

"हाताशी तीच होती."

"माझी कंबर मोडली त्या मातीपायी."

"दिसत होतं ना… म्हणून तर आंबोळ्या जास्त देत होतो."

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. जमलं नाही. तिने खराटा स्वतः घेतला आणि सर्वेशला घमेलं उचलायला लावलं. ती माती लोटत होती, तो वाहून नेत होता. आतापर्यंत टाकलेली सगळी त्यालाच परत न्यावी लागली, हा न्याय वाडीला फार आवडला. कोपर सुटलं, मनगट सुटलं, बोटं उघडी पडली… आणि पुढे काहीच नव्हतं. मासा नव्हता, कोयता नव्हता. कोरा कातळ, आणि त्यावर हत्याराचे चार-दोन टोचे. कुणीतरी पुढचं कोरायला घेतलं आणि तसंच सोडून दिलं.

तेजस्वी गुडघ्यांवर बसून त्या टोच्यांवरून बोट फिरवत राहिली.

"अर्धंच ठेवलंय," ती पुटपुटली. "का थांबला असेल?"

सर्वेश घमेलं घेऊन शेजारी उभा होता.

"त्याचंही काम संपल्यावर कुणीतरी जाणार असेल," तो म्हणाला.

तिने वर बघितलं. या वेळी तो मोहोराकडे बघायला गेला नाही.

"हे मला अहवालात लिहिता यायचं नाही," ती म्हणाली.

"मग नका लिहू. मानलंत तरी पुरे… मानलंस तरी."

काशीअण्णा खाकरले. गाऱ्हाणं अर्धं सोडणं बरं नव्हे, असं म्हणून त्यांनी पुन्हा हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, या पोराला माती टाकण्यापरीस तोंड उघडायची बुद्धी दे. आन् या पोरगीच्या मनात असंल, तिच्याच मनात असंल, तर तिला हितंच ऱ्हाऊ दे रे म्हाराजा."

वाडी तोंड उघडणार, तेवढ्यात काशीअण्णांनी बोट वर करून सगळ्यांना थांबवलं. सोनूबाईने पदर तोंडाला लावला. तेजस्वीने एकदा त्या कोऱ्या कातळाकडे पाहिलं, एकदा घमेलं छातीशी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

बारीक आवाजात, पण स्पष्ट. सर्वेशच्या हातातलं घमेलं सुटलं आणि कातळावर पडून असं काही वाजत राहिलं, की पुढचं गाऱ्हाणं काशीअण्णांना ओरडून पुरं करावं लागलं.