काळ्या पडद्यांची खोली

द्वारका चौकातल्या सिग्नलला माझ्या स्कूटीपुढे एक टेम्पो उभा होता आणि टेम्पोत मागे एक माणूस लाकडी खोक्याला मिठी मारून बसला होता. गणपती नुकतेच गेले होते, पाऊस भुरभुरत होता. त्यानं आपली छत्री खोक्यावर धरली होती आणि स्वतः निवांत भिजत होता. मला हसू आलं... आणि ते नेमकं त्यानं पाहिलं.

"मॅडम, विद्यापीठाचं ग्रंथालय कुठून हो? ड्रायव्हर म्हणतो माहितीये, पण आम्ही फिरून फिरून इथंच येतोय."

"माझ्या मागं या," मी म्हटलं. "आणि छत्री जरा स्वतःवरही धरा."

"मी वाळेन की. हे भिजलं तर संपलं."

पोचल्यावर कळलं, की ते खोकं माझ्याच वाट्याला आलं होतं आणि त्याच्यासोबत हा माणूसही. मी हस्तलिखित विभागात सहायक होते. पंचवटीतल्या जुन्या घरांतून आलेल्या पोथ्यांनी आमची कपाटं भरलेली. त्यातल्या कितीतरी गोदावरीच्या पुरात भिजलेल्या. अक्षरं धुऊन गेलेली, पानांवर गाळाचे डाग. संशोधक यायचे, पानं बघायचे आणि सुस्कारा टाकून निघून जायचे. म्हणून अशा पानांचे खास फोटो काढायची सोय ग्रंथालयातच उभी करायचं ठरलं होतं. एकच पान वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात ठेवायचं, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातही, आणि दर वेळी फोटो घ्यायचा. मग पुसलेली अक्षरं वर येतात म्हणे. हे सगळं उभारायला पुण्याच्या एका कंपनीनं या माणसाला, अश्विनला, पाठवलं होतं. डिसेंबरात समिती येऊन काम बघणार होती. पसंत पडलं तर खोली कायमची. नाही तर यंत्र परत पुण्याला आणि यंत्रामागे तोही.

सुरुवातीला मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याचा थोडा रागच यायचा.

आम्हाला तळघरातली मोडक्या खुर्च्यांची खोली मिळाली. मल्हारीकाका आमचे शिपाई, त्यांनी कुरकुरत खुर्च्या हलवल्या. खिडक्या झाकायला मेन रोडवरून काळं कापड आणायला आम्ही दोघं गेलो. एवढं काळं कशाला, नाटकबिटक आहे का, असं दुकानदारानं विचारलं. "आहे ना. नायिका ह्याच," अश्विन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. मी कापडाचा पोत बघायला लागले. तो पोत मी फारच वेळ बघत होते, हे मला नंतर कळलं.

मग सुरू झाले ते अंधारातले दिवस. आज आठवले की अजून बरं वाटतं.

पान मी ठेवायचे, कारण पोथीचं पान कसं धरायचं ते मला ठाऊक होतं. दिवे आणि कॅमेरा त्याच्याकडे. पडदे ओढले की काही दिसायचं नाही. तो विचारायचा, "तयार?" मी म्हणायचे, "हं." की क्लिक. पुन्हा तयार, पुन्हा हं. मधल्या वेळात तो कऱ्हाडच्या आपल्या आईबद्दल सांगायचा, मी सटाण्याच्या आमच्या कांद्यांबद्दल. अंधारात माणूस नुसत्या आवाजाचा उरतो. त्याचा आवाज मला चेहऱ्याआधी पाठ झाला.

"तुमचा 'हं' आज वेगळा आहे," एकदा तो म्हणाला.

"कसा?"

"रागावलेला. काल काय केलं मी?"

"काही केलं नाहीत... म्हणूनच."

तोंडातून निघून गेलं. पुढचा क्लिक बराच उशिरा आला.

बाहेर मल्हारीकाकांचं वेगळंच चाललं होतं. फोटो चालू असताना दार उघडायचं नाही असा नियम केल्यापासून ते चहा घेऊन आले की दारापाशी मोठ्यानं खोकायचे. "मॅडम, चहा ठेवलाय. मी खोकलो बरं का," असंही वर सांगायचे. सगळ्या ग्रंथालयाला काय समजायचं ते समजलं होतं. आम्हालाच तेवढं समजायचं बाकी होतं.

अश्विनचे नियम फार. हात धुऊन या, क्रीम लावू नका, हे शिवू नका, ते शिवू नका. सगळ्यात जपायचा तो एक पांढरीशुभ्र फरशी, साधारण पोथीच्या पानाएवढी. रोज कामाआधी प्रत्येक उजेडात तिचा फोटो काढायचा, म्हणजे यंत्राला कळतं, की कोरं पांढरं कसं दिसतं. बाकी सगळं त्यावरून ठरायचं. त्या फरशीला त्याच्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

दसरा झाला आणि सगळं बिघडलं. जांभळ्या दिव्याखाली काढलेल्या प्रत्येक फोटोत, पान कुठलंही असो, त्याच जागी काळपट डाग यायला लागले. अश्विननं दिवे बदलले, वायरी बदलल्या, विजेच्या दाबाला शिव्या घातल्या. त्याच्या अगदी नाकी नऊ आले. कार्तिक उजाडला तरी डाग तिथेच. शेवटी एका दुपारी तो म्हणाला, की तुमच्या पोथ्यांनाच काहीतरी लागलेलं असणार, नीट सांभाळल्या गेल्या नाहीत. मला ते लागलं. त्या आठवड्यात मी 'हं'शिवाय एक अक्षर बोलले नाही. पण समितीची तारीख जवळ येत होती, त्याचे डोळे ओढलेले दिसत होते आणि रागावूनही मला त्याचीच काळजी वाटत होती. असा राग काय कामाचा?

तुळशीचं लग्न झालं आणि सटाण्याला माझ्या मावसबहिणीचं, सायलीचं लग्न निघालं. हळदीला गेले. बायकांनी नवरीला लावता लावता मलाही माखलं. आई हळूच जवळ येऊन म्हणाली, "तो फोटोवाला पोऱ्या कसा शे वं?" मी म्हटलं, बरा आहे. आई हसली आणि माझ्या दोन्ही गालांना आणखी हळद लावून गेली.

दुसऱ्या दिवशी चेहरा खसखसून धुऊन मी थेट कामावर आले. पडदे ओढले. अश्विननं जांभळा दिवा लावला आणि मी पान सरळ करायला वाकले.

"हलू नका," तो म्हणाला.

त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. चष्म्याआडून तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, एकटक. अगदी जवळ आला. आता बोलणार, मला वाटलं... आता नक्की बोलणार.

"हळद," तो म्हणाला.

"काय?"

"तुमच्या गालांना हळद आहे. चमकतेय."

मी हात पुढे केले. तेही पिवळसर हिरवे चमकत होते. साध्या उजेडात त्यावर काही दिसत नव्हतं. आमच्या दोघांच्या मनात एकदमच आलं असावं. त्यानं पांढरी फरशी दिव्याखाली आणली. तिच्या कडेला आणि मध्यापर्यंत बोटांचे ठसे उमटले होते, त्याच रंगात चमकणारे. यंत्राला ते कोऱ्यापेक्षा जास्त उजळ दिसत होते, म्हणून ते पानावरची तीच जागा काळी करत होतं.

"या फरशीला तुमच्याशिवाय कुणी हात लावत नाही ना?" मी विचारलं.

त्यानं फरशी हळूच पालथी ठेवली.

"खंडेनवमीला आईचा फोन आला होता," शेवटी तो म्हणाला. "ज्या हत्यारावर पोट आहे त्याची पूजा नको का, म्हणाली. मी यंत्राच्या खांबाला हळदकुंकू लावलं. काचेला नाही हं. नंतर बोटंही पुसली... आणि फरशी उचलून जागेवर ठेवली."

कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं. मी इतकी हसले, की बाहेर मल्हारीकाका खोकले. मग तोही हसायला लागला आणि हसता हसताच म्हणाला, "पोथ्यांबद्दल बोललो ते चुकलं माझं. खरंच."

फरशी बदलली आणि डाग गेले. पुरात धुतलेल्या पहिल्याच पानावर ओळीमागून ओळ वर आली. संगणकाच्या पडद्यावर ती अक्षरं बघताना माझे डोळे भरून आले. "झालं," अश्विन म्हणाला. "आता समिती नाही म्हणायची नाही. तुम्ही एकट्या हे सहज चालवाल. एका माणसाचं काम आहे, प्रस्तावातही मी तसंच लिहिलंय."

"आणि तुम्ही?"

"कंपनी मला तंजावरला पाठवतेय. तिथंही असंच एक उभं करायचंय."

म्हणजे काम फसलं असतं तरी तो जाणार होता आणि जमलं तरी जाणारच होता. इतके दिवस हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला तो हवा होता. अगदी स्पष्ट, लाज सोडून हवा होता आणि हे कुणाला सांगायचं तेच कळत नव्हतं. त्या दिवशी मी पंचवटीतून भाजी घेऊन घरी गेले आणि पिशवी उघडली तर तिच्यात नुसती कोथिंबीर होती.

समिती आली. अध्यक्ष होत्या अंजलीबाई, निवृत्त प्राध्यापिका, करड्या आवाजाच्या. त्यांनी पान आधी पाहिलं, मग फोटो पाहिला, मग पुन्हा पान पाहिलं. खोली कायमची झाली, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. उठता उठता त्यांनी विचारलं, "चालवायला माणसं किती लागतील?"

"दोन," अश्विन म्हणाला.

मी चमकून वर पाहिलं.

"प्रस्तावात तर एक लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"प्रस्ताव लिहिला तेव्हा मी इथं काम केलं नव्हतं, बाई. दुसऱ्या जागेसाठी मी स्वतः अर्ज करीन. कंपनीला कालच कळवलंय, तंजावरला दुसरं कुणी पाठवा म्हणून."

तो बोलत अंजलीबाईंशी होता, बघत मात्र माझ्याकडे होता. बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळल्या. "मोहिनी, रोज काम तुम्ही करता. तुम्ही सांगा, खरंच दोन लागतात?"

फरशी बदलल्यापासून एकटीनं ते यंत्र मी कितीदा तरी चालवलं होतं, आणि हे त्यालाही माहीत होतं.

"हो बाई," मी म्हटलं. "दोन लागतात. एकटीला नाही जमायचं."

समिती गेल्यावर तो माझ्या मागोमाग पायऱ्यांवर आला. "खोटं बोललीस तू," तो म्हणाला. तू म्हणाला. पहिल्यांदाच.

"दोन म्हणत तू मलाच विचारलंस, मी उत्तर दिलं. खोटं कुठे आलं त्यात?"

आणि इतके दिवस अंधारात ज्यानं माझ्या बोटाला बोट लावलं नव्हतं, त्यानं भर दुपारी, सगळ्या ग्रंथालयादेखत माझा हात धरला.