शैलविहारची तिसरी घंटा

माघातली रात्र होती. पिंपळवंडीच्या मळ्यात उसाला पाणी द्यायचे होते आणि वीज मध्यरात्रीनंतर येणार होती. बिबट्याच्या धाकाने अंगणात बसण्याची सोय उरली नव्हती, म्हणून चांगदेवकाका पुतण्या स्वराज आणि पुतणी अक्षदा यांना घेऊन गच्चीवर बसले होते.

“काका, भुताची सांगा,” अक्षदा म्हणाली. “पण खरी.”

“खोटी मला येत न्हाई. माझा साडू रामदास, डिंगोऱ्याचा. त्याचा उजवा हात कधी पाहिलास का?”

“सदा खिशात असतो त्यांचा,” स्वराज म्हणाला. “लग्नात जेवलेसुद्धा चमच्यानं, तेही डाव्या हातानं.”

“तो खिशात का असतो, ते सांगतो. मधी कुणी बोलायचं न्हाई.”

आणि काकांनी सांगितले ते असे.

गेल्या वर्षीच्या पौषातली अमावास्या, रविवार. रामदास नारायणगावच्या टोमॅटो बाजारात टेम्पो चालवी. दिवेलागणीनंतर तो घरी आला, तेव्हा त्याची आई कोंडाबाई दारातच उभी होती.

“तुझा बाप आला न्हाई अजून.”

“वर गेल्यात का?”

“दुसरीकडं कुठं जातोय त्यो? सवत हाय ती माझी. उद्या पाडणारेत तिला, तर आज मुक्कामच ठोकलाय जनू. न्हाणीतली पितळी बादली बी न्हेलीय.”

“बादली कशाला?”

“त्येलाच इचार. आन् बॅटरी घे. कालच खालच्या वस्तीवर बिबट्यानं कालवड मारलीय.”

वर म्हणजे शैलविहार. मुंबईच्या एका कापड व्यापाऱ्याने स्वातंत्र्यापूर्वी गावामागच्या टेकाडावर ते हॉटेल बांधले होते. काळ्या दगडाचे जोते, सागवानी जिना आणि लांबलचक व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. प्रारंभी हवापालटासाठी दमेकरी व निवृत्त न्यायाधीश येत, पुढे नवपरिणीत जोडपी येऊ लागली. रविवारी जेवणघरात पियानो वाजे आणि त्याचा आवाज गावातल्या विहिरीपर्यंत पोहोचे, असे म्हातारी माणसे सांगत. मग घाटाचा रस्ता रुंद झाला आणि मोटारी न थांबता निघून जाऊ लागल्या. धरणाकाठी पोहण्याचे तलाव असलेली नवी रिसॉर्टे उभी राहिली. वारसांत वाद झाला आणि एका पावसाळ्यानंतर शैलविहारचे दरवाजे उघडलेच नाहीत. त्यानंतर भंगारचोरांनी जे सुटेल ते सोडवून नेले.

रामदासाचे वडील भिमाजी तिथे मिसरूड फुटण्यापूर्वी नोकरीला लागले आणि हॉटेल बंद होईतो राहिले. प्रत्येक खोलीतून एक तार भिंतीतून स्वयंपाकघरापर्यंत आणलेली होती. पाहुण्याने दोरी ओढली, की फळीवरची त्या आकड्याची पितळी घंटा वाजे. घंटेचा पहिला नाद विरण्यापूर्वी भिमाजींचे “आलो” उमटलेले असे. पाहुणे त्याचे कौतुक करीत. त्यामागचे कारण कोंडाबाईखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, आणि एकदाच, फार वर्षांनी, तिने ते लेकाला सांगितले होते.

भिमाजींच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. रात्री कोणाच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावे, कारण जे माणूस नसते ते तिसरी हाक मारत नाही, असे नव्या नवरीने त्यांना निक्षून बजावले होते. त्या हिवाळ्यात अकरा क्रमांकाच्या खोलीत मुंबईच्या एक दमेकरी बाई उतरल्या होत्या; धाप लागली की वाफ घ्यायला त्यांना कढत पाणी लागे. एका अमावास्येच्या रात्री अकराची घंटा वाजली. भिमाजी स्वयंपाकघरात एकटेच होते. त्यांनी कढत पाण्याची बादली उचलली आणि बायकोचे शब्द आठवून ते थांबले. घंटा दुसऱ्यांदा वाजली. ते बादली धरून उभेच राहिले.

तिसऱ्यांदा ती वाजली नाही.

सकाळी बाईंचा हात दोरीच्या दिशेने पसरलेला आढळला. मालकाने त्या खोलीला कुलूप घातले, ते पुन्हा कधी उघडले नाही. भिमाजींना कोणी दोष दिला नाही. देता तर बरे झाले असते.

रामदासाने फाटकाशी मोटारसायकल लावली. स्टँड लावताना कुठेतरी किणकिण झाली. फाटकाची साखळी असेल, असे त्याला वाटले. स्वयंपाकघराच्या खिडकीत जाळाचा उजेड दिसला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बाप जिवंत होता. बिबट्याच्या तावडीत सापडला नव्हता.

भिमाजी भिंतीला टेकून बसले होते. अंगात शैलविहारचा पांढरा कोट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. समोर तीन दगडांच्या चुलीवर घरची बादली, आणि तिच्यातून निघणारी वाफ.

“आण्णा, चला. आई जेवायची थांबलीय.”

“हळू बोल.”

“उद्या मशीन येतंय. सकाळी कुणी आत बी येऊ देणार न्हाई.”

“म्हणून तर आज आलोय.” म्हाताऱ्याने नजरेने समोरची फळी दाखवली. “दोन झाल्या.”

“काय दोन?”

“अकराच्या. एक दिवस मावळताना. दुसरी आत्ता, तू फाटकाशी गाडी लावलीस तवा.”

रामदासाने फळीवर बॅटरी मारली. आकडे पुसट झाले होते. आकड्यांखाली खिळ्यांची भोके होती. घंटा एकही नव्हती. तारा तर केव्हाच गेल्या होत्या.

“आण्णा, घंटा कुठंय तिथं?”

भिमाजींनी चुलीत एक लाकूड सरकवले.

“तिसरी व्हायची राहिलीय,” ते म्हणाले. “तेवढी होऊ दे. मग तू म्हणशील तिकडं येतो.”

रामदासाने त्यांचे मनगट धरले. चिपाडासारखे हलके मनगट. उचलून न्यायचे, असे त्याने ठरवले.

“उठा बरं.”

आणि घंटा वाजली.

जवळच. फळीवरच. एकदाच.

रामदासाच्या हातातली बॅटरी खाली पडली. जाळाच्या उजेडात त्याला बापाचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर भय नव्हते. तसा चेहरा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

“वाजवली,” म्हातारा म्हणाला. “बाईसाहेबांनी वाजवली रं…”

“आण्णा…”

“सोड, रामदास. लई थांबल्यात त्या.”

बोटे सैल झाली. का झाली, हे त्याला आजही सांगता येत नाही.

भिमाजींनी खांद्यावरचा पंचा बादलीच्या कडीला गुंडाळला. बादली उचलली.

“आलो, बाईसाहेब.”

जिन्यावर पावले वाजली. एकेक पायरी. मग वरचा व्हरांडा. मग दार करकरले.

मग काही नाही…

रामदास भानावर आला आणि धावला. जिना. व्हरांडा. सात. नऊ. अकरा.

दाराला कुलूप होते. गंजून दाराशी एकजीव झालेले. कुलपापासून चौकटीपर्यंत कोळ्याचे जाळे होते. ते तुटलेले नव्हते.

“आण्णा!”

आतून ओ आली नाही.

“आण्णा…”

तिसरी हाक मारायला त्याचे तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी सारा गाव टेकाडावर लोटला. चांगदेवकाकाही पिंपळवंडीहून गेले होते. विहिरीत गळ टाकले, रान धुंडाळले, वनखात्याच्या माणसांनी बिबट्याचा माग शोधला. उन्हे कलेपर्यंत मशीन खोळंबून उभे होते. अकराचे कुलूप कशानेच तुटेना, तेव्हा ठेकेदार म्हणाला की नाहीतरी पाडायचीच आहे, आणि त्याने बाहेरच्या बाजूने भिंत ओढून पाडली.

धूळ खाली बसली. खोली उजेडात आली. आत एक खाट, कुजलेली मच्छरदाणी, भिंतीशी लोंबणारी दोरी. माणूस नव्हते. फरशीवर धुळीचा जाड थर होता आणि त्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. खाटेपाशी कोंडाबाईची पितळी बादली ठेवलेली होती. तिच्या तोंडावर घडी घातलेला पंचा होता.

“रामदास ढिगाऱ्यावरून चढून आत गेला,” काका म्हणाले. “पंचा काढला. आन् हात घातला बादलीत…”

खाली मळ्यात पाण्याच्या मोटारीचा दिवा लागला. वीज आली होती. कोणी उठले नाही.

“काका… मग?”

“पाणी कढत व्हतं.”