नेलपॉलिशच्या दोन रेघा

सत्त्याण्णव सालची गोष्ट. देवास गेटजवळच्या दुकानात मायक्रोकंट्रोलरची एकच चिप उरली होती, आणि तिच्याकडे हात मात्र दोन गेले. एक यशोधनचा, दुसरा शर्वरीचा. कॉलेज एकच, वर्ग वेगळे; दोघांनाही शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तीच हवी होती. पुढचा माल इंदूरहून कधी येईल, ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं.

"मग प्रोजेक्टच एक करून टाकू..." शर्वरी हसून म्हणाली. "चालेल?"

न चालायला काय झालं होतं! यशोधनला तिथेच आभाळ ठेंगणं झालं.

पाण्याची टाकी भरली की घंटी वाजवणारं सर्किट करायचं ठरलं. नानाखेड्याला यशोधनच्या घरी, त्याच्या आईच्या, म्हणजे माईंच्या डोळ्यांदेखत काम सुरू झालं. शर्वरीनं तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर नेलपॉलिशनं रेघा ओढल्या. मग बोर्ड रसायनात बुडवला. रंगाखालचं तांबं तेवढं राहिलं, बाकीचं विरघळलं. पण बॅटरी जोडली तर घंटी वाजेना, आणि चिप अशी तापली की शर्वरीच्या बोटाला चटकाच बसला. तिचं बोट नळाखाली धरताना यशोधनचे कान लाल झाले.

दोष त्याला त्याच संध्याकाळी भिंगातून दिसला. नेलपॉलिश पसरून दोन रेघा केसाएवढ्या तांब्यानं एकमेकींना चिकटल्या होत्या. ब्लेडनं एकदा खरवडलं की काम संपलं. पण काम संपलं की शर्वरीचं येणंही संपणार. तेव्हा पठ्ठ्या म्हणाला, "काही दिसत नाहीये... उद्या पाहू."

असे तीन 'उद्या' झाले. चौथ्या दिवशी शर्वरी खाली मान घालून म्हणाली, "देवासहून रिश्ता आलाय. रविवारपर्यंत जवाब द्यायचाय."

"अच्छा," यशोधन म्हणाला.

सांगायचं ते सगळं जिभेवर आलं होतं. पण तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा तो वायरी तपासत राहिला. ती त्याच्याकडे बघत थांबली होती — बराच वेळ. उद्या नक्की बोलू, असं त्यानं ठरवलं, आणि रविवारही तसाच गेला.

सोमवारी ती आली ती बसलीसुद्धा नाही. तिनं बोर्ड उलटा केला, ब्लेड उचललं आणि भिंग न लावता नेमकी तीच जागा खरवडली. बॅटरी जोडताच घंटी वाजली. चिप तापली नाही.

"तुला... माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. माझंच नेलपॉलिश ते, मला नाही दिसणार?" तिनं बॅटरी काढून ठेवली. "तू लपवतोयस हे कळलं तेव्हा इतकी खुश झाले होते मी... वाटलं, कशासाठी ते आज सांगशील, उद्या सांगशील..."

"शर्वरी, मी—"

"काल हो म्हटलं मी, यशोधन."

घंटी ऐकून माई कौतुकानं दोघांसाठी पोहे घेऊन आल्या. शर्वरीनं नको म्हटलं नाही. ती एकेक घास सावकाश खात, बशी रिकामी होईपर्यंत त्याच्यासमोर बसली, आणि तेवढ्या वेळातही यशोधनला एक शब्द बोलता आला नाही.