सतरावं गाणं

गाणं अंतऱ्यात शिरलं आणि मध्येच थांबलं.

सारिकाने फोन पाहिला. नेटवर्क होतं, चार्जिंगही होतं. पडद्यावर फक्त एक ओळ आली होती — 'हे खातं आता दुसऱ्या फोनवर सुरू आहे : परशुराम.'

कसालच्या नाक्यावरचं मेडिकल दुपारी दोनला पेंगत असतं. मालक भाई घरी जेवायला गेलेले, रस्त्यावर ऊन आणि एखादी एसटी. ह्या तासाभरात सारिका गाणी ऐकायची. फोन तिचा नव्हता. तिच्या धाकट्या भावाचा, विनीतचा होता. विनीत गेल्या श्रावणात तापाने गेला होता — चार दिवसांत. ॲपचा वर्षाचा पॅक भरून ठेवलेला, तो तसाच चालू राहिला.

मग हा परशुराम कोण?

तिने पुन्हा गाणं लावलं. दहा सेकंद वाजलं, थांबलं. पुन्हा लावलं. पुन्हा थांबलं. कुणीतरी, कुठेतरी, तिच्याच हट्टाने त्याच बटणावर बोट ठेवून बसलं होतं... एका दोरीची दोन टोकं दोघांनी ओढावीत, आणि दोघांनाही पलीकडचा दिसू नये, तसं.

विनीतच्या फोनमधल्या नावांत तिला 'पर्शा टेम्पो' सापडला. तेव्हा आठवलं — विनीत ज्याच्याबरोबर मालवणहून कणकवलीला मासळी न्यायचा, तो. सारिका तेव्हा सहा वर्षं पुण्याला होती, पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. तिने त्याच फोनवरून नंबर लावला.

खूप वेळ रिंग वाजली. मग उचलला गेला, पण कुणी बोलेना. नुसता श्वास.

"हॅलो? परशुराम का? मी सारिका बोलतेय. विनीतची बहीण."

"...हां." आवाज अगदी लहान. "तुमी. बोला."

"तुम्ही विनीतचं खातं वापरता?"

"त्यानाच घालून दिल्यान होता. माझ्या फोनात."

"त्यावर भजनं लावता ना? डबलबारी?"

"लावतंय."

"नका लावू. प्लीज. विनीत भजनं ऐकत नव्हता. ॲपला वाटतं तोच ऐकतोय, मग ते तसलंच काय काय आणून देतं. माझ्याकडे त्याचं एवढंच उरलंय हो."

पलीकडून एक ट्रक मोठ्याने निघून गेला.

"बरां," तो म्हणाला. "लावूचंय नाय."

एवढंच. भांडायला कंबर कसून उभं राहावं आणि समोरच्याने आपली वाटच सोडून द्यावी — सारिका फोन हातात धरून तशीच उभी राहिली.

ती काही पहिल्यापासून अशी नव्हती. गाण्यांची वेडी होती, पण पुण्यात ते वेड सैरभैर झालं होतं. कानात सतत काहीतरी. अर्धं ऐकायचं, पुढचं लावायचं, त्याच्याही पुढचं. पावसाची यादी वेगळी, बसची वेगळी, भांडी घासायची वेगळी. विनीत गेला, ती नोकरी सोडून आईजवळ राहायला आली, आणि ते सगळं एका दिवसात बंद झालं. आता ती फक्त विनीतची गाणी ऐकायची, विनीतच्या क्रमाने. नवं काही शोधायची नाही. एखादं आवडलं तरी हृदयाच्या चिन्हावर बोट ठेवायची नाही. कारण दर सोमवारी ते ॲप नवी यादी आणून द्यायचं — आजवर काय काय ऐकलं गेलं त्यावरून निवडलेली. दुसऱ्या कुणी ऐकलं नाही, तर ती निवड विनीतचीच राहणार होती. सोमवारी सकाळी विनीत अजून तिला नवीन काहीतरी ऐकवत होता... आणि त्यात हल्ली पखवाज येऊ लागला होता.

त्या संध्याकाळी तिने विनीतची सगळ्यात मोठी यादी उघडली. नाव होतं 'गाडी'. त्यातली भजनं, गोव्याकडची दोन-तीन कोकणी गाणी, सगळं तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक करून काढून टाकलं. सतरा भरली.

आठवड्याने मेडिकलसमोर एक टेम्पो थांबला. उतरला तो उंच, रापलेला, एका हाताला फडकं गुंडाळलेला.

"पट्टी आसा? क्रेटचो पत्रो लागलो."

सारिकाने जखम पाहिली, कापूस काढला. तो मुकाट्याने हात पुढे धरून उभा. मग हळूच म्हणाला, "मॅडम, ता दुसऱ्या फोनवर सुरू आहे म्हणान येता ना... तो दुसरो फोन मी."

तिच्या हातातला कापूस तसाच राहिला. एवढं तोडून बोललो होतो आपण — आणि हा माणूस असा, डोळे खाली घालून, जणू त्यानेच काही चोरलंय.

"तुम्ही ऐकणंच बंद केलंत का? आठ दिवसांत एकदाही गाणं थांबलं नाही."

"तुमी नको म्हटलास, बंद केलंय."

"मी भजनं नको म्हटलं होतं. गाणीच नको असं नाही."

तो पहिल्यांदा हसला. "मगे वाटून घेवया. सकाळी पाच ते नऊ माझी, मासळी कणकवलेक पोचापर्यंत. दुपार तुमची."

"आणि संध्याकाळ?"

"कोणाचीच नको. त्याका पण विसावो व्हयो."

"कुणाला?"

"ॲपाक," तो गंभीरपणे म्हणाला, आणि सारिकाला हसू आलं. किती महिन्यांनी आलं, ते तिचं तिलाच जाणवलं आणि तिने पट्टी बांधायला घेतली.

त्यानंतर पर्शाला रोजच काही ना काही होऊ लागलं. एक दिवस पाठ, एक दिवस मान, एक दिवस नुसतंच 'जरा कसातरीच वाटता'. परतीच्या वाटेवर रिकामा टेम्पो थांबायचा, भिजलेल्या क्रेटचा खारट वास दुकानात शिरायचा. विनीतच्या कपड्यांना यायचा तोच वास. सारिका बामची बाटली पुढे करायची आणि मग पंधरा मिनिटं तो काउंटरला रेलून बोलत राहायचा... टेम्पोचं बोलायचा, समुद्राचं बोलायचा, विनीतचं थोडं थोडं.

"गो सारिका," भाई एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "एवढ्या बामान हत्तीची कंबर बरी जाली असती."

पर्शाचे कान लाल झाले. सारिकाने वळून औषधांची खोकी उगाचच सरळ केली.

एकदा त्याने सांगितलं, "त्या दिवशी तुमचो फोन इलो ना... माझ्या फोनार नाव इला 'विनीत'. गाडी बाजूक लावलंय. बोटच हलूक नाय."

सारिकाच्या हे मनातसुद्धा आलं नव्हतं. गेलेल्या माणसाच्या फोनवरून आपण त्याच्या मित्राला हाक मारली आणि वर चार शब्द सुनावले. "परशुराम, मला खरंच —"

"पर्शा म्हण गो," तो म्हणाला. 'तुमी' तिथेच, काउंटरवर राहून गेलं.

माघात आंब्याचा मोहर घमघमू लागला. सारिका आता त्याच्याशी मोकळी बोलायची. अशाच एका दुपारी तिने बोलता बोलता सांगून टाकलं —

"तुझं एक काम मी तेव्हाच करून टाकलं होतं. 'गाडी' यादी साफ केली. तुझी भजनं, ती कोकणी गाणी, सगळी काढली. सतरा होती."

पर्शाने काउंटरवरचा हात उचलला.

"माझी?"

"मग कुणाची?"

"सारिका... मी त्या यादीत एक पण गाणां घालूक नाय. माका घालूक येणाच नाय. ती यादी सगळी त्याची."

"विनीत भजनं ऐकत नव्हता."

"घरात आयकत नव्हतो."

पंखा फिरत होता. रस्त्यावरून कुणीतरी 'भाई आसत काय?' विचारून गेलं. सारिकाला ऐकू आलं नाही.

"तुझो बापूस भजनी बुवा," पर्शा हलक्या आवाजात म्हणाला. "तो गेल्यावर तुमच्या आवशीक पखवाजाचो आवाज सोसना नाय. म्हणान विनीत घरात लावी नाय. गाडीत लावायचो. दोन बुवा समोरासमोर, एकाचो सवाल, दुसऱ्याचो जवाब, आणि ह्यो स्टेअरिंगर ठेको धरायचो. कट्टा गावापर्यंत मान डोलायची त्याची."

"मग फोनवर का नाही सांगितलंस मला?"

"तू म्हटलंस, माझ्याकडे त्याचं एवढंच उरलंय." तो तिच्याकडे बघत नव्हता. "त्याच्यार मी काय बोलतलंय?"

सारिका स्टुलावर बसली. सहा महिने ती त्या यादीला श्वासही लागू देत नव्हती. आणि विनीतला जे लपूनछपून, जिवापाड आवडलं होतं, तेवढंच नेमकं तिने स्वतःच्या बोटाने पुसलं होतं. तिने तिथल्या तिथे ॲप उघडून पाहिलं, सगळे कोपरे धुंडाळले. काढलेलं परत आणायची सोय नव्हती. कुठली सतरा, हेही तिला आठवेना. तिने ती ऐकली कुठे होती? पखवाज वाजला की पुढे ढकलत होती.

"गेली रे," ती म्हणाली. "मी घालवली."

"खंय गेली? माझ्या डोक्यात आसत." पर्शा खाली वाकून तिच्या डोळ्यांसमोर आला. "रोज जेटीवरसून निघाला की विनीत पयल्यापासून लावायचो. खंयच्या वळणार खंयचा गाणां, सगळां म्हायत आसा. नावां म्हायत नाय, चाली म्हायत आसत. आयतवारी मालवणाक ये. गाडीत बस. मी सांगान, तू शोध."

घरी तिने आईला पर्शाबद्दल विचारलं. आई भाजी निवडत होती, हात थांबला. "पर्शो? तो कधी घरात येवक नाय बघ. अंगाक माशांचो वास येता म्हणान अंगणाच्या भायरच उभो ऱ्हवायचो." मग पुन्हा हात चालू झाला. "जा. त्याका पण बोलूक कोण नसतला."

रविवारी पहाटेच्या एसटीने ती मालवणला पोचली. जेटीवर लिलाव संपत आला होता. पर्शाने शेवटचा क्रेट चढवला, वर बर्फ लोटला आणि तिच्या बाजूचं दार आतून उघडून दिलं.

कुंभारमाठच्या चढावर तो गुणगुणू लागला. आवाज भसाडा, पण चाल पक्की. सारिका शब्द पकडायची, फोनमध्ये शोधायची, एक लावायची — "हे?" — "नाय, ह्याच्यापेक्षा वायच संथ" — दुसरं लावायची, आणि त्याचा चेहरा उजळायचा. "ह्यां! ह्यांच!" मग ती ते पुन्हा यादीत घालायची. आणि ह्या वेळी शेवटपर्यंत ऐकायची. चौके गाव येईपर्यंत सात झाली. दोन्ही बाजूंना काजूचा मोहर, खिडकीतून गोडसर वास, आणि गाडीत टाळ-पखवाजाचा गजर. एका भजनात बुवाने अशी तान घेतली, की तिला बाबा दिसले — सदऱ्याच्या बाह्या सारून पेटीवर बसलेले. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. पर्शाने गाडी हळू केली, आवाज मात्र कमी केला नाही.

कट्ट्याचा बाजार मागे पडला तेव्हा सोळा झाली होती.

"आता सतरावं," ती म्हणाली.

पर्शा गुणगुणला नाही. एक वळण गेलं. दुसरं गेलं. मग त्याने गाडी रस्त्याच्या कडेला, एका फणसाच्या सावलीत उभी केली.

"ता माका म्हायत नाय."

"आठव ना. एकच राहिलंय."

"आठवाक आयकलेला लागता. मी ता कधी आयकूकच नाय." त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. "हय इलो की विनीत आवाज बारीक करायचो. कसाल जवळ इला, घर जवळ इला... की त्याका बोलूक व्हया आसायचा. रोज. गाणां बिचारां आपलां आपलां वाजायचा. तो गेल्यावर हय इलंय की मीच बंद करायचंय."

"काय बोलायचा?"

"तुझ्याबद्दल."

सारिकाने फोन मांडीवर ठेवला.

"माझी बहीण म्हणे, लहानपणी कॅसेट संपली तरी उठायची नाय. शेवटची ती नुसती खरखर आयकत बसायची. मी म्हणायचंय, आता काय आयकतंस गो? तर म्हणायची, अजून काय तरी असात... आणि आता फोनार मी बोलूक लागलंय की दोन मिनिटांत म्हणता, विनू, नंतर करते." पर्शा थांबला. "रागान नाय बोलायचो. हसान बोलायचो. म्हणायचो, येतली ती. दमली की येतली."

मग ती रडली. आई होती म्हणून घरात रडली नव्हती, भाई होते म्हणून दुकानात नव्हती. पर्शाने तिला थोपटलं नाही, गप्प हो म्हटलं नाही. नुसता शेजारी बसून राहिला. मागे क्रेटमधून बर्फाचं पाणी रस्त्यावर टपटपत होतं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "एक सांगू? वरसभर ह्याच रस्त्यार रोज तुका आयकलंय. मेडिकलात इलंय तेव्हा फक्त चेहरो नवो होतो." त्याने तिच्याकडे पाहिलं. "माका... बामाची गरज कधीच नव्हती."

"ते भाईंनाही माहितीय," सारिका नाक पुसत म्हणाली.

दोघंही हसले — ओलसर, संकोचलेले. तिच्या मांडीवरच्या फोनमध्ये शोधायची रिकामी चौकट वाट पाहत होती. सारिकाने तो बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

"सतरावां?" त्याने विचारलं.

"राहू दे. त्याचं बोलणं ऐकलं मी. आता तू बोल."

"मी? माका काय बोलूक येता?"

"येतला तसां बोल." तिचं पुणं कुठल्या कुठे गळून पडलं. "तू खंयचो, तुका काय आवडता, कित्याक हसतंस... मी आयकतंय."

पर्शाने गाडी सुरू केली. पहिलं वाक्य जुळायला त्याला पुलापर्यंत जावं लागलं. मग आलं — आजोळ आरोंद्याचं, खाडीत पडला होता ते, आईने मारलं होतं ते, शाळेतले मास्तर, पहिली बोट. तो अडखळत होता, मागे जात होता, विसरलेलं पुन्हा जोडत होता. आणि सारिका खिडकीला टेकून, त्याच्याकडे तोंड करून ऐकत होती.

कसालचा नाका आला. टेम्पो हळू झाला.

"उतरतलंस?"

"तुझां सांगून संपला?"

"नाय... आता सातवीत नापास झालंय थंयपर्यंत इलंय."

"मगे गाडी कित्याक थांबवतंस?"

पर्शाने तिच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं, गियर टाकला, आणि टेम्पो कणकवलीच्या रस्त्याला लागला.