निळ्या दोऱ्याची गाठ

दवाखान्याच्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये दोन मशीन शेजारीशेजारी उभी होती. एकावर काम चाले, दुसरं तयारीत असे. चालतं मशीन बंद पडलं, की त्यावरचं सगळं बिऱ्हाड आपोआप दुसऱ्यावर जाई. अतिदक्षता विभागातल्या पेशंटांचे ठोके नर्सच्या स्क्रीनवर दाखवणं, हे त्या बिऱ्हाडातलं सगळ्यात नाजूक सामान. ही मशीन ती सांभाळायची, आणि गेले चार दिवस त्या ठोक्यांमध्ये तिच्या बाबांचेही होते.

रविवारी दुपारी पहिल्या मशीनचा पंखा बदलायचा होता, म्हणून तिने सगळं काम दुसऱ्यावर हलवलं. असं हाताने हलवलं की मागे एक मनाई राहते: पहिल्यावर परत यायचं नाही. ती नंतर आठवणीने काढावी लागते, नाहीतर दुसरं मशीन कोसळलं की बिऱ्हाड रस्त्यावर.

तिला हे काम शिकवलं ते मास्तरांनी. खरे मास्तर नव्हेत, पण लाल पेनाने चुका दाखवायचे म्हणून मास्तर. त्यांनी पहिल्या मशीनच्या दांडीला एक निळा दोरा बांधला होता. मनाई लावली की त्याला गाठ मारायची, काढली की गाठ सोडायची. "मॅडम, मशीन नाही विसरत, आपण विसरतो," असं वर ऐकवायचे. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. हयातीत त्यांची एकही गाठ सोडायची कधी राहिली नाही.

तिने गाठ मारली, पंखा बदलला, आणि फोन वाजला. अतिदक्षता विभागातल्या सिस्टर होत्या.

"बाबा घाबरेघुबरे झालेत. जरा वर येता का?"

कुलूप लावून ती धावत सुटली. गाठ साफ विसरली.

वर गेल्यावर बाबांनी तिचा हात घट्ट धरला आणि हळूहळू डोळे मिटले. ती तशीच बसून राहिली. दोन वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवर निरोप आला: दुसरं मशीन बंद.

माझी गाठ! जिना कसा उतरली, तिचं तिलाच कळलं नाही.

खोलीत नवा पंखा शांतपणे फिरत होता. सगळं काम पहिल्या मशीनवर सुरळीत चालू होतं. मनाई नव्हती. नोंद सांगत होती: एक वाजून चाळीस मिनिटांनी काढली, याच खोलीतून, मास्तरांच्या खात्यावरून.

ते खातं तिने स्वतः बंद केलं होतं. खोलीची एकुलती किल्ली तिच्या मुठीत होती.

दांडीला दोरा नव्हता.

फोन आला. सिस्टर धापा टाकत होत्या. "बाबांचे ठोके एकदम चुकले हो. मी पार त्या टोकाला होते. स्क्रीन ओरडली म्हणून पळत आले. आता ठीक आहेत."

तिला भीती वाटायला हवी होती. डोळे मात्र भरून आले. रिकाम्या खोलीत तिने हात जोडले.

"मास्तर, फार उपकार झाले तुमचे."

वर बाबा जागे होते.

"तुझे साहेब येऊन गेले. चष्म्याच्या काडीला पट्टी चिकटवलेले."

बाबांनी मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्हाला एवढ्यात तिकडे हलवायचं नाही, म्हणून गाठ मारून ठेवतो. सोडायला मीच येईन."

बाबांच्या मनगटावर निळा दोरा होता. तिने त्यावरून हलकेच बोट फिरवलं. मास्तर गाठ विसरणारे नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण आजचा दिवस तर दिला त्यांनी.

"सिस्टर, हा दोरा कापू नका हं."

सिस्टरांनी मान वर केली नाही. त्या तक्ता भरत होत्या.

"कापला की मघाशी, सुई लावताना," त्या म्हणाल्या. "दोनदा."