दाबू नका

कॅल्शियम मोजणं हे माझ्या कामातलं सगळ्यात निवांत काम. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते पांढरंशुभ्र उमटतं, मागं काळी सावली पडते. दोन टोकांना खुणा केल्या की मशीन मिलिमीटर सांगतं. माझं सेंटर जालना रोडवर, चिकलठाण्यात. विमान उतरताना काचा थरथरतात, तेवढाच व्यत्यय.

शेंद्र्याचे सखाराम पहिल्यांदा आले ते खांदा धरून. साठीचा, धिप्पाड माणूस. मला पाहून म्हणाले, "डॉक्टर कुठंय?"

"मीच."

"बाई हाय व्हय," असं पुटपुटत ते टेबलावर आडवे झाले. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई दाराशीच उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

डाव्या खांद्यामागं कॅल्शियमचे चार ठिपके होते. एका ओळीत, बोटाच्या पेराएवढे. खांद्यात कॅल्शियम साठतं, त्यात नवल नव्हतं. मी रिपोर्ट दिला, हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

पावसाळ्यात ते परत आले. खांदा मोकळा झाला होता, आता मान धरली होती. ठिपके खांद्यात नव्हतेच. मानेच्या बुडाशी होते, त्याच ओळीत, तेवढ्याच अंतरावर.

कॅल्शियम वाढतं, कधी विरघळतं. जागा सोडून चालत नाही. मागच्या वेळी माझंच चुकलं असेल म्हणून जुन्या प्रतिमा काढून पाहिल्या. चूक नव्हती. मग सीटी स्कॅन केला. पडद्यावर मान गोल फिरवली, तेव्हा दुसऱ्या बाजूला पाचवा ठिपका दिसला. एकटा, जाड, जरा तिरका.

माझी टेक्निशियन मोनिका हिनं आपला पंजा पडद्यावर टेकवला. बोटं बरोबर बसत होती, फक्त तिची लहान पडत होती. तिनं हात काढून घेतला आणि ओढणीला पुसला.

"मशीन बिघडलंय तुमचं," सखाराम खेकसले. "लुटायचे धंदे नुसते."

"मशीन बरोबर हाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तू गप."

त्या गप्प झाल्या नाहीत. मला विचारलं, "कुठवर आलंय?" त्या आवाजात काळजी नव्हती. गाडी कुठवर आली असं फाट्यावर उभं राहून विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

मोठ्या दवाखान्यात भरती व्हा, असं मी बजावलं. सखारामांनी फाईल माझ्या टेबलावर आपटली आणि निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी ते पुन्हा आले, या वेळी बायकोच्या आधारानं. घोट गिळवत नव्हता. आवाज घोगरा झाला होता. तरी माझ्याकडं बघायची नजर तीच होती.

मी सोनोग्राफीचा प्रोब गळ्यावर आडवा धरला. श्वासनळीच्या एका अंगाला ते चार, दुसऱ्या अंगाला तो एक. मधलं अंतर मोजलं. अडतीस मिलिमीटर.

खात्रीसाठी पुन्हा मोजलं. चौतीस.

माझा हात स्थिर होता. तिसऱ्यांदा मोजलं. एकोणतीस.

"दाबू नका," सखाराम म्हणाले.

"मी दाबत नाहीये."

"लई दाबायल्या तुम्ही. नका दाबू!"

मी प्रोब उचलला. हातात धरून त्यांना दाखवला.

त्यांनी तो पाहिला. डोळे विस्फारले. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. गळ्याची कातडी आत गेली, पाच ठिकाणी. मी ऑक्सिजनसाठी ओरडले, मोनिका धावली. द्वारकाबाई जागच्या हलल्या नाहीत.

मग एकाएकी सगळं सुटलं. छाती भात्यासारखी भरली.

मी घाईघाईनं प्रोब टेकवला. गळा स्वच्छ होता. मान स्वच्छ, खांदा स्वच्छ. खडूच्या कणाएवढंसुद्धा कॅल्शियम कुठं नव्हतं.

"बोला काहीतरी," मी म्हणाले. त्यांनी जीव खाऊन प्रयत्न केला. नुसती हवा आली.

रुग्णवाहिका मागवते म्हटलं, तर द्वारकाबाईंनी मान हलवली. "राहू द्या. झालं आता."

त्यांनी दार उघडून धरलं. सखाराम भिंतीला धरत, मागं वळून न बघता बाहेर पडले. द्वारकाबाई मात्र दार धरून तशाच थांबल्या. मग वडीलधाऱ्यासमोर घेतात तसा डोक्यावर पदर घेतला, एक पाऊल मागं सरकून मला न दिसणाऱ्या कुणाला तरी वाट दिली, आणि नंतरच बाहेर गेल्या.