पायरीवरचं पाणी

त्या दिवशी आभाळ राखेसारखं झालं होतं. चैत्र सरत आला होता. ऊन डोळ्याला दिसत नव्हतं, पण अंगाला भाजत होतं. वारा मधूनच कर्नाटकाच्या अंगानं यायचा, मूठभर धूळ तोंडावर मारायचा आणि पुन्हा गप्प बसायचा. निलंग्याहून निघालेली एसटी शिवेवरच्या त्या गावात पोचली तेव्हा भर दुपार झाली होती. खाली उतरले दोघंच. पुढं रामकिशन, आणि मागं गाडीचा दांडा धरून, एकेक पायरी दम खात उतरणारी त्याची बायको सरजाबाई. सोबत दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी, आणि पेटीत लुगड्यात गुंडाळलेली बुद्धाची तसबीर.

त्यांचं गाव मुदखेडच्या पलीकडं. गेल्या भादव्यात नदी गावात शिरली आणि त्यांचं मातीचं घर, चूल-उंबऱ्यासकट, सोबत घेऊन गेली. तेव्हापासून दोघं पत्र्याच्या शेडमध्ये. पावसात तो पत्रा गळायचा, उन्हात तव्यासारखा तापायचा. सरजाबाईचा दमा तिथंच वाढला. रात्र रात्र ती बसून काढायची. डॉक्टर म्हणाला होता, सावलीत ठेवा हिला, गार जागेत. रामकिशन नुसती मान हलवून आला होता. गार जागा काय बाजारात मिळते?

मग एके दिवशी भावाच्या लेकीनं, लुंबिनीनं, मोबाईलवरची एक जाहिरात वाचून दाखवली. मालक परदेशात असतो. गावाकडं मोठं घर रिकामं आहे. राहायला एक जोडपं पाहिजे. भाडं नाही, लाईट-पाणी फुकट. घर तेवढं सांभाळायचं.

मालकाचं नाव सिद्धेश्वर. कॅनडात असायचा. फोनवर आवाज मऊ, पण दमलेला. म्हणाला, "काका, मला तुमच्याकडून काहीच नको. रोज झाडलोट करा, संध्याकाळी दिवा लावा. दोघंही एकदम बाहेर जाऊ नका, घर रिकामं ठेवू नका. आणि एक सांगतो, दाराशी कुणी म्हातारं माणूस आलं तर काही द्यायचं नाही."

"काहीच न्हाई?"

"पाणीसुद्धा नाही. चोऱ्या फार होतात तिकडं."

रामकिशन हो म्हणाला. पण मनात खटकलं ते खटकलंच.

घर मात्र खरंच गार होतं. जाड दगडी भिंती, पुढं ओसरी, ओसरीला तीन पायऱ्या, अंगणात कडुनिंब, भोवती पुरुषभर उंच कंपाऊंड आणि लोखंडी गेट. ओसरीच्या कोपऱ्यात छताला एक कॅमेरा, आतल्या खोलीत दुसरा. सरजाबाईनं पहिल्या दिवशी कॅमेऱ्याकडं बघून डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि नवऱ्याला म्हणाली, "आवो, बनियनवर हिंडू नका. मालक बघून राहिलेत."

"तिकडं झोपले असतील ते."

"झोपेतून उठून बघितलं मंग? म्हणतील, कुठलं ध्यान आणून ठिवलं."

आठ दिवसांत तिचा दमा बसला. रात्री ती आडवी होऊन झोपू लागली. रामकिशन अंधारात तिचा सरळ चाललेला श्वास ऐकायचा आणि त्याला वाटायचं, आता हे घर हातचं जाऊ द्यायचं नाही. काही झालं तरी नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी गेटची कडी वाजली.

बाहेर एक म्हातारा उभा होता. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे. ओठ असे फुटलेले की भेगांत रक्त वाळून काळं पडलेलं. अंगाला बंद खोलीचा वास. माणूस मोठ्या घरचा, उभ्या राहण्यातच कळत होतं.

"पाणी दे बाबा..." तो म्हणाला.

रामकिशन थांबला. मालकाचं बोलणं कानात होतं. पण त्याच्याही आधीचं एक मनात होतं. लहानपणी बापाचं बोट धरून तो असल्याच दगडी घरांपुढं उभा राहिलेला होता. बाप खाली वाकून ओंजळ करायचा, आणि पायरीवरून कुणीतरी वरून पाणी ओतायचं. निम्मं ओंजळीत, निम्मं पायावर. आणि आज असल्याच घरच्या माणसानं त्याच्या हातचं पाणी मागितलं होतं. ते नाही म्हणायला त्याची जीभ वळेना.

त्यानं तांब्या भरून आणला. "घ्या मालक, तोंड लावून प्या."

म्हाताऱ्यानं तांब्या धरला नाही. डावा हात लुळा होता. उजव्या हातानं तो उचलून त्यानं ओंजळ केली आणि खाली वाकला. अगदी बाप वाकायचा तसा. रामकिशन ओतत राहिला, म्हातारा पीत राहिला. घोटाचा आवाज नाही. तांब्या रिकामा झाला. म्हातारा वळला आणि कंपाऊंडच्या कडेनं निघून गेला. रामकिशननं खाली बघितलं. गेटपुढच्या धुळीत एक थेंबसुद्धा पडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली नाही. म्हातारा सरळ खालच्या पायरीवर बसलेला दिसला. तिसऱ्या दिवशी मधल्या. चौथ्या दिवशी वरच्या. रोज रामकिशन तांब्या ओतायचा. गेटला तर आतून कुलूप असायचं. रामकिशननं स्वतःला समजावलं, मागून कुठून तरी वाट असेल.

त्याच दिवशी फोन आला.

"काका... दुपारी पायरीवर तांब्या कुणाला ओतता?"

रामकिशन चपापला. "चुकलं मालक. एक म्हातारे येतेत. भस्म लावलेले. तुमाला दिसले असतील की कॅमेऱ्यात."

पलीकडून आवाज आला, अगदी हळू.

"उजव्या हातानं डावा हात उचलून ओंजळ करतात का?"

"हाव."

फोन बंद झाला.

शेजारी मडिवाळप्पा राहायचा. साठीचा माणूस. रस्त्यात भेटला की मान हलवायचा, पण या गेटच्या आत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. रामकिशन कंपाऊंडला वळसा घालून त्याच्या अंगणात गेला आणि जे घडलं ते सांगितलं. मडिवाळप्पानं हातातली दोरी खाली ठेवली.

"मामा, पाणी दिलाव तुमी?"

"दिलं की. माणूस पाणी मागायला लागला तं..."

"ते अण्णाराव. सिद्धूचा बाप." तो हळू बोलत होता, कंपाऊंडकडं बघत. "लकवा मारला व्हता. सिद्धूनं सांभाळायला एक जोडपं ठेवलं व्हतं, तुमच्यासारखंच. फुकट राहा, बापाला बघा. ते गेले कुणाच्या तरी लग्नाला, उद्या येताव म्हणून, बाहेरून कुलूप घालून. आले चार दिसानं. असंच ऊन व्हतं बघा, वैशाखाच्या तोंडचं."

"आन तुमाला ऐकू न्हाई आलं?"

मडिवाळप्पाचा चेहरा पडला. "आलं. पाणी द्या, पाणी द्या म्हणून हाका मारायचे. मला वाटलं, त्या बाईला मागायलेत. रोजच मागायचे की..."

"आन मालक?"

"बापासाठीच तर ते कॅमेरे लावले व्हते त्यानं. अण्णाराव कॅमेऱ्याकडं तोंड करून पाणी मागत व्हते. सिद्धू म्हणतो, तिकडं रात्र व्हती."

रामकिशननं कंपाऊंडकडं बघितलं. मग म्हणाला, "चार दिस रातच हुती का तिकडं?"

मडिवाळप्पानं दोरी पुन्हा हातात घेतली आणि पीळ घालू लागला.

घरी येऊन रामकिशननं गाठोडं बांधायला काढलं. सरजाबाई चुलीपुढून उठली, त्याच्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण कीव जास्त होती.

"कुठं जायचं म्हनता? त्या पत्र्याखाली? मला तिथं कितीक दिस काढता येतील, तुमीच सांगा."

रामकिशन गाठोड्यापाशीच खाली बसला.

"बिचारं तहानेनं मेलं. तुमी थेंब थेंब वतून राहिलात, त्यानं काय व्हतंय? एकदा पोटभर मिळालं की जाईल वाटेनं. माणूसच हुता ना तो."

"सरजा, पाणी देऊ नको म्हनले मालक."

"मालकानं न्हाई दिलं, म्हनूनच तं आला तो."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचं औषध संपलं म्हणून रामकिशनला निलंग्याला जावं लागलं. बारा वाजायच्या आत परतायचं ठरवून गेला, पण परतीची गाडी वाटेत बंद पडली. धापा टाकत घरी आला तेव्हा दीड वाजला होता. गेट बंद होतं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर पाण्याचा कळसा, आणि शेजारी सरजाबाई, भिंतीला टेकून.

"आले व्हते," ती म्हणाली. तिचा चेहरा समाधानी होता. "ऊन लई हाय, आत बसू का म्हनले. मी म्हनलं बसा. वाकू दिलं न्हाई मी त्यायला. कळसा तोंडाला लावून दिला, लेकराला पाजावं तसा. सगळा प्याले. रडले वो... गेले आता, न्हाई येनार."

"काही बोलले?"

"जाताना म्हनले..." ती आठवू लागली. "म्हनले, बस बाई आता तू."

मग तिनं ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "जरा पाणी द्या वो मला. तहान लागली."

त्यानं तांब्या दिला. तिनं घटाघटा पिऊन खाली ठेवला. तोंड पुसलं. हात कोरडाच राहिला.

"अजून द्या."

म्हातारा पुन्हा आला नाही. सरजाबाई पीत राहिली. पहिल्या दिवशी तीन कळसे. दुसऱ्या दिवशी रांजण. पाणी तोंडात जाताना दिसायचं, गळा हलताना दिसायचा, आणि ओठ मात्र एकेक भेग धरत जायचे. डॉक्टरांनी सलाईन लावलं. बाटली संपली, दुसरी संपली. चिमटीत धरलेलं कातडं तसंच उभं राहिलं. डॉक्टर रामकिशनवर चिडले. "बाबा, अंगात पाण्याचा थेंब नाही हिच्या. किती दिवस झाले पाणी पाजून?"



ती म्हणाली, घरी न्या, गार वाटतंय तिथं. त्यानं तिला आणलं. रोज तो तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी घालायचा. ती त्याच्याकडं बघायची, आणि शेवटी शेवटी कॅमेऱ्याकडं बघायला लागली. मान तिकडं वळवून ओठ हलवायची. सहाव्या दिवशी, कडुनिंबाची सावली पायरीवरून सरकायच्या आत, ती गेली. चमचा तिच्या ओठांत होता, आणि कोरडा होता.

गावातल्या बौद्ध वस्तीतली माणसं आली. लुंबिनी मुदखेडहून आली. वंदना झाली, ओढ्याच्या कडेला माती झाली. लुंबिनी म्हणाली, "मोठे बाबा, चला आमच्याकडं. दोन खोल्या हायेत, पण राहू कसं बी." रामकिशन हो म्हणाला. कुठं राहायचं, ही गोष्ट आता त्याच्या मनातून उतरलीच होती. गार जागा ज्या माणसासाठी पाहिजे होती ते माणूसच नव्हतं.

सिद्धेश्वरचा फोन आला. आवाज दूरचा, विझलेला. "काका, मला माफ करा. कुलूप लावून किल्ली मडिवाळप्पाकडे द्या." मग थोडं थांबून, "मी आता कॅमेरे बंद करतो. मला... ते बघवत नाही."

"काय बघवत न्हाई, मालक?"

फोन आधीच बंद झालेला होता.

रामकिशननं घर झाडलं. रांजण पालथा घातला. तसबीर लुगड्यात गुंडाळली, तिच्याच लुगड्यात. लुंबिनी पेटी घेऊन स्टँडवर पुढं गेली. त्यानं खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, गेटलाही घातलं. त्याही दिवशी आभाळ राखेसारखं होतं आणि वारा गप्प होता. मडिवाळप्पा आपल्या दारातच उभा होता.

"एवढी किल्ली ठिवा," रामकिशन म्हणाला. "मी निघून राहिलो."

मडिवाळप्पानं हात पुढं केला. किल्ली तळव्यावर टेकायच्या आतच त्याची बोटं थांबली. त्यानं मान कंपाऊंडकडं वळवली आणि कान दिला, बराच वेळ. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. या खेपेला ऐकून न ऐकल्यासारखं करणं त्याला जमणार नव्हतं. त्यानं हात मागं घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाला,

"मामा... किल्ली ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळच. आत मामी पाणी मागायल्यात."